ताप उतरला तरी अहवाल पॉझिटिव्हच येत असेल तर काय करावे

एप्रिल २०२१ मधल्या एका संध्याकाळी एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल होती आणि तिच्यात आईचे कोविडचे पाच आरटी-पीसीआर अहवाल तारखेप्रमाणे लावलेले होते. आई अडुसष्ट वर्षांच्या. ताप पाचव्या दिवशी उतरला होता, खोकला दुसऱ्या आठवड्याअखेर थांबला होता, जेवण पूर्ववत झाले होते. पण चौतिसाव्या दिवशीचा पाचवा अहवालही पॉझिटिव्ह आला होता. त्या माउली मागच्या खोलीत एकट्या राहत होत्या. सून ताट उंबऱ्याशी ठेवून चार पावले मागे सरे, मग आतून कडी निघे. तीन वर्षांचा नातू दाराला कान लावून बसे. घरात कोणाचीही चूक नव्हती. अहवाल निगेटिव्ह आल्याशिवाय त्यांना बाहेर घेऊ नका, असे कोणीतरी सांगितले होते आणि ते सगळे इमाने इतबारे पाळत होते.

त्या कुटुंबाने जे सोसले ते टळू शकले असते. कोविड असो, फ्लू असो वा लहान मुलांची साधी सर्दी असो, श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पॉझिटिव्ह अहवाल बराच काळ येत राहणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ रुग्णापासून इतरांना धोका आहे असा होत नाही. मोजायचे असतात ते दिवस आणि पाहायची असते ती रुग्णाची प्रकृती. मात्र या नियमाला काही अपवाद आहेत, ते खरोखरच गंभीर आहेत आणि ते वेळेवर ओळखता आले पाहिजेत. हे सगळे घरच्या घरी पायरीपायरीने कसे तपासावे, ते पुढे सांगतो.

चाचणीला नेमके काय दिसते

आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय साहित्याचा, म्हणजे आरएनएचा, एखादा ठरावीक तुकडा शोधते. नाकातून किंवा घशातून घेतलेल्या नमुन्यात तो तुकडा असेल तर यंत्रात त्याच्या प्रती काढल्या जातात आणि प्रत्येक आवर्तनात त्या साधारण दुप्पट होतात. दहा आवर्तनांत एकाचे हजारावर होतात. त्यामुळे अगदी नगण्य प्रमाणातला तुकडाही या चाचणीला सापडतो आणि आजाराच्या सुरुवातीला निदानासाठी हाच तिचा मोठा गुण आहे.

पण तो तुकडा जिवंत, नव्या पेशीला संसर्ग करू शकणाऱ्या विषाणूचा आहे की शरीराने मारून टाकलेल्या विषाणूचा उरलेला अंश आहे, हे या चाचणीला कळत नाही. संसर्ग संपल्यावर श्वसनमार्गाच्या अस्तरातील मेलेल्या पेशी हळूहळू गळत राहतात आणि त्यांच्याबरोबर हे अवशेषही बाहेर पडत राहतात. विषाणू जिवंत आहे का हे पाहायचे तर तो प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून बघावा लागतो, ज्याला कल्चर म्हणतात. कोविडच्या विषाणूसाठी हे काम उच्च जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच करतात. गावातल्या किंवा शहरातल्या नेहमीच्या पॅथॉलॉजीत ते होत नाही.

क्षयरोगाच्या रुग्णांबरोबर काम करणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. जीन-एक्स्पर्ट, म्हणजे सीबीनॅट, ही चाचणी क्षयाच्या निदानासाठी उत्तम. पण उपचार लागू पडत आहेत का हे पाहण्यासाठी ती वापरत नाहीत, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही तिच्यात पॉझिटिव्ह दिसतो. त्यासाठी थुंकीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि कल्चर यांचाच आधार घेतात. विषाणूंच्या बाबतीतही तर्क तोच आहे.

पहिली पायरी: अहवाल कोणत्या चाचणीचा आहे ते पाहावे

अहवालाच्या वरच्या भागात चाचणीचे नाव, नमुना घेतल्याची तारीख आणि नमुना कोठून घेतला हे लिहिलेले असते. नमुना घेतल्याची तारीख आणि अहवाल दिल्याची तारीख या दोन वेगळ्या असू शकतात. हिशेबासाठी पहिलीच धरावी.

आरटी-पीसीआर असेल तर वर सांगितलेले सर्व लागू होते. रॅपिड अँटिजेन असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. ही चाचणी विषाणूचे प्रथिन शोधते आणि तिच्यात प्रती काढण्याची सोय नसल्याने प्रथिन पुरेशा प्रमाणात असेल तरच रेघ उमटते. म्हणून ती बहुधा लवकर निगेटिव्ह होते आणि तिचा पॉझिटिव्ह निकाल जिवंत विषाणूच्या अस्तित्वाशी अधिक जुळतो, जरी पूर्णपणे नाही. पुण्याच्या मायलॅबचा कोविसेल्फ हा घरी वापरण्याचा संच मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मान्य केला, तेव्हापासून अशा पट्ट्या महाराष्ट्रात घरोघरी पोहोचल्या. त्या वापरताना एक चूक फार वेळा होते. कोविसेल्फचा निकाल १५ मिनिटांनी पाहायचा असतो आणि २० मिनिटांनंतर दिसलेली रेघ ग्राह्य नसते. पण पट्टी टेबलावर ठेवून माणसे कामाला लागतात आणि दोन तासांनी फिकट रेघ पाहून घाबरतात. इतर संचांच्या वेळा वेगळ्या असतील, त्या माहितीपत्रकात पाहून घड्याळ लावूनच बसावे.

अँटिबॉडी चाचणीचा पॉझिटिव्ह अहवाल या चर्चेत येतच नाही. ती रक्ताची चाचणी आहे आणि शरीराने पूर्वी कधीतरी विषाणूला किंवा लशीला प्रतिसाद दिला, एवढेच ती सांगते.

दुसरी पायरी: शून्य दिवस निश्चित करावा

ताप, घसा दुखणे, अंगदुखी, खोकला यांपैकी पहिले लक्षण ज्या दिवशी जाणवले तो शून्य दिवस. लक्षणे कधीच नव्हती, तर पहिल्या पॉझिटिव्ह नमुन्याची तारीख शून्य दिवस धरावी. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पॉझिटिव्ह अहवालाबरोबर मोजणी नव्याने सुरू करायची नाही, हे ठळक अक्षरांत लिहून ठेवावे असे मी सांगतो, कारण घरोघरी हीच गल्लत होते. त्या माउलींच्या घरी पाच वेळा मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली होती.

तिसरी पायरी: दिवस आणि लक्षणे यांचा हिशेब

साथीच्या सुरुवातीला चोवीस तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह अहवाल आल्याशिवाय रुग्णाला घरी सोडत नसत. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात निदान झालेल्या राज्यातील पहिल्या दोन रुग्णांनाही याच पद्धतीने, सलग निगेटिव्ह अहवालांनंतर, २५ मार्चला म्हणजे गुढीपाडव्याच्या दिवशी घरी सोडले. त्या वेळी विषाणू नवा होता आणि सावधगिरी योग्यच होती. पुढच्या काही आठवड्यांत मात्र जगभरातून पुरावा येऊ लागला.

म्युनिकमधील नऊ रुग्णांच्या अभ्यासात आजाराच्या आठव्या दिवसानंतर जिवंत विषाणू मिळाला नाही, जरी नमुन्यांत आरएनए भरपूर सापडत होते. दक्षिण कोरियात बरे झाल्यावर पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांचा आणि त्यांच्या संपर्कातील ७९० जणांचा तेथील रोगनियंत्रण केंद्राने माग काढला. पुन्हा पॉझिटिव्ह झालेल्या या लोकांपासून कोणाला संसर्ग झाल्याचा पुरावा मिळाला नाही आणि त्यांच्यापैकी ज्या १०८ जणांच्या नमुन्यांचे कल्चर केले त्यांत एकातही जिवंत विषाणू वाढला नाही. पुढे ७९ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात असे दिसले की घशा-नाकातील आरएनए सरासरी १७ दिवस सापडते, कमाल ८३ दिवसांपर्यंत सापडल्याची नोंद आहे, पण आजाराच्या नवव्या दिवसानंतर जिवंत विषाणू कोणत्याच अभ्यासात मिळाला नव्हता. सतरा आणि नऊ या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात ठेवले, तर या लेखाचा अर्धा भाग समजल्यासारखे आहे.

म्हणूनच ८ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने धोरण बदलले. सौम्य आजाराच्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, चाचणी न करता सोडावे असे ठरले. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही दोन निगेटिव्ह अहवालांची अट सोडून दहा दिवस आणि त्यानंतर लक्षणांविना आणखी किमान तीन दिवस असा निकष दिला. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने, एकदा पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीची आरटी-पीसीआर पुन्हा करू नये, असे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि जानेवारी २०२२ मध्ये गृहविलगीकरणाचा काळ, शेवटचे तीन दिवस तापाविना गेल्यास, सात दिवसांवर आला.

निरोगी प्रकृतीच्या आणि घरीच बऱ्या झालेल्या माणसासाठी मी आजही पुढील सूत्र देतो. पहिले पाच दिवस आणि ताप असेपर्यंत वेगळ्या खोलीत राहावे. औषध न घेता चोवीस तास ताप नसेल आणि बाकीची लक्षणे उतरणीला असतील तर बाहेर यावे. पण दहाव्या दिवसापर्यंत इतरांजवळ मास्क लावावा आणि घरातील वृद्ध, गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ यांच्यापासून अंतर ठेवावे. दहा दिवस झाले आणि प्रकृती सुधारली, की नंतरचा आरटी-पीसीआर अहवाल काहीही असला तरी विलगीकरण संपले. वास न येणे, थकवा, अधूनमधून येणारा कोरडा खोकला ही लक्षणे आठवडे, कधी महिनेही टिकतात. त्यांच्यावर उपचार जरूर करावेत, पण केवळ त्यांच्यामुळे कोणाला खोलीत ठेवू नये.

त्या माउलींचा हिशेब मी मुलासमोर कागदावर मांडला. चौतीस दिवस, ताप जाऊन एकोणतीस दिवस, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात, इतर कोणताही आजार नाही. मुलाने तिथूनच घरी फोन लावला आणि पलीकडून दार उघडल्याचा आवाज मला ऐकू आला.

सीटी व्हॅल्यूबद्दल थोडे सविस्तर

अनेक अहवालांवर सीटी व्हॅल्यू छापलेली असते. किती आवर्तनांनंतर विषाणूचा अंश यंत्राला दिसला, ती ही संख्या. म्हणजे संख्या जितकी मोठी, तितका नमुन्यातील अंश कमी. त्या फाइलमधील पहिल्या अहवालात ती १९ होती आणि शेवटच्यात ३४. पंधरा आवर्तनांचा फरक म्हणजे अंदाजे तीस हजार पटींनी घट. अहवालावरचा पॉझिटिव्ह हा शब्द दोन्ही ठिकाणी सारखाच होता, पण त्यामागची स्थिती पूर्णपणे वेगळी होती.

तरीही एका आकड्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. नमुना नाकात किती आतून घेतला, तो प्रयोगशाळेत कसा पोहोचवला, कोणते जनुक मोजले आणि कोणता संच वापरला यांवर सीटी बदलते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या संख्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. एप्रिल २०२१ मध्ये अहवाल पॉझिटिव्ह ठरवण्यासाठीची सीटीची मर्यादा २४ पर्यंत खाली आणावी का, अशी विचारणा महाराष्ट्र शासनाने केली होती. तसे केल्यास संसर्ग पसरवू शकणारे अनेक रुग्ण सुटतील, असे उत्तर देऊन आयसीएमआरने ३५ हीच मर्यादा कायम ठेवली. शिवाय आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीही सीटी जास्त असू शकते, कारण विषाणू तेव्हा वाढीला लागलेला असतो. सीटी ३३ आहे म्हणून निर्धास्त होण्याआधी आज कितवा दिवस आहे हे विचारावे.

चौथी पायरी: रुग्ण अपवादात मोडतो का

ही पायरी घाईने ओलांडू नये. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी फार कमी झालेली आहे, त्यांच्या शरीरात जिवंत विषाणू खरोखरच दीर्घकाळ राहू शकतो. रक्ताचा कर्करोग झालेले, अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी सुरू असलेले, रिटुक्सिमॅबसारखी, प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी करणारी औषधे घेणारे, उपचार न घेतलेला किंवा पुढच्या टप्प्यातला एचआयव्ही असलेले, आणि रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दोन आठवड्यांहून अधिक काळ घेणारे रुग्ण या गटात येतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात रक्ताचा कर्करोग असलेल्या एका ७१ वर्षांच्या स्त्रीच्या नमुन्यात निदानानंतर ७० व्या दिवशीही जिवंत विषाणू आढळला होता आणि तिला कोविडची लक्षणे मुळीच नव्हती. अशा रुग्णाच्या बाबतीत दहा दिवसांचा नियम लागू करणे चुकीचे ठरते.

या गटातील व्यक्तीने वीस दिवस किंवा त्याहून अधिक काळ काळजी घ्यावी, किमान ४८ तासांच्या अंतराने सलग दोन चाचण्या निगेटिव्ह आल्यावरच विलगीकरण संपवावे आणि हे सर्व आपल्या कर्करोगतज्ज्ञांच्या किंवा संसर्गरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने करावे. केमोथेरपीची पुढची तारीख कधी घ्यायची हा निर्णयही त्यांच्यावरच सोपवावा. अहवाल पॉझिटिव्ह आहे म्हणून घरच्यांनी परस्पर उपचार थांबवू नयेत.

केवळ मधुमेह, रक्तदाब किंवा दम्यासाठीचा पंप यांमुळे कोणी या गटात येत नाही. या आजारांत कोविड गंभीर होण्याची शक्यता वाढते, हे खरे. पण महिनोन् महिने संसर्गक्षम राहणे ही वेगळी गोष्ट आहे आणि या दोहोंची गल्लत करू नये. अतिदक्षता विभागात राहून आलेल्या रुग्णाबाबतही घरच्या घरी ठरवू नये, कारण गंभीर आजारात जिवंत विषाणू दहा दिवसांहून अधिक काळ टिकू शकतो.

पाचवी पायरी: पुन्हा चाचणी करायचीच असेल तर

निरोगी व्यक्तीने पहिल्या पॉझिटिव्ह अहवालानंतर नव्वद दिवस, लक्षणे नसताना, आरटी-पीसीआर करू नये. करून हाती काही लागत नाही आणि मनाला मात्र घोर लागतो. विलगीकरण लवकर संपवण्याआधी खात्री हवी असेल, तर सहाव्या दिवसानंतर अँटिजेन करावी आणि निगेटिव्ह आल्यास ४८ तासांनी पुन्हा एकदा करावी. दहा दिवसांनंतरही अँटिजेनची रेघ दिसत असेल तर ती जाईपर्यंत मास्क लावून वावरावे. बहुतेकांची ती दोन आठवड्यांच्या आत जाते.

एक दिवस निगेटिव्ह आणि दोन दिवसांनी पुन्हा पॉझिटिव्ह, असे झाले की घरात हाहाकार उडतो. नमुन्यातील अंश चाचणीच्या मर्यादेच्या आसपास असला, की सळी कोठे फिरली एवढ्यावरून निकाल बदलतो. तो नवा संसर्ग नसतो. मात्र नव्याने ताप, घसादुखी, अंगदुखी सुरू झाली असेल तर तिकडे दुर्लक्ष करू नये. निर्माट्रेल्विर आणि रिटोनाविर ही कोविडवरील विषाणूरोधक औषधे घेतलेल्या, आणि कधी न घेतलेल्याही, काही रुग्णांत बरे वाटल्यावर दोन ते आठ दिवसांत लक्षणे परत येतात. तेव्हा जिवंत विषाणू असू शकतो, म्हणून पुन्हा पाच दिवस वेगळे राहावे. महिना-दोन महिन्यांनी लक्षणे आली तर नवा संसर्ग किंवा दुसराच विषाणू असण्याची शक्यता धरून अँटिजेन करावी.

इतर विषाणू आणि लहान मुले

आता मोठ्या रुग्णालयांत एकाच नमुन्यातून पंधरा-वीस विषाणू आणि जिवाणू शोधणाऱ्या श्वसन पॅनेलच्या चाचण्या होतात. त्यांच्या अहवालात बाळाला ऱ्हायनोव्हायरस पॉझिटिव्ह, असे वाचून आईवडील चिंतेत पडतात. हा सर्दीचा विषाणू मुलांच्या नाकात कित्येक आठवडे सापडत राहतो, बोकाव्हायरस तर काही महिनेही. त्यामुळे आजच्या तापाचे कारण तोच आहे असे सिद्ध होत नाही. तो मागच्या सर्दीचा अवशेष असू शकतो. आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू सामान्यतः तीन ते आठ दिवस संसर्गक्षम असतो, पण तान्ही बाळे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यात तो चार आठवड्यांपर्यंत पसरू शकतो. फ्लूचा रुग्ण साधारण पाच ते सात दिवस संसर्ग देतो. मूल खेळते, नीट पिते आणि ताप नसताना चोवीस तास गेले असतील तर शाळेसाठी पुन्हा चाचणी करून नाकात सळी घालण्याचा त्रास त्याला देऊ नये.

अहवाल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे केव्हा जावे

अहवालाकडे सतत पाहणाऱ्या घरांत कधी कधी रुग्णाकडे पाहायचे राहून जाते, आणि याची मला अधिक काळजी वाटते. १०० अंशांहून अधिक ताप तीन दिवसांनंतरही टिकून असणे, धाप लागणे, मिनिटाला २४ हून अधिक श्वास, तासाभरात तीन वेळा मोजूनही ऑक्सिजनची पातळी ९३ किंवा त्याखाली, छातीत सतत दुखणे किंवा दडपण, बोलण्यात असंबद्धता, यांपैकी काहीही दिसले तर अहवाल निगेटिव्ह असला तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. उतरलेला ताप आठवड्याने परत आला तर छातीत जिवाणूंचा संसर्ग, क्षयरोग किंवा पावसाळ्यात डेंग्यू यांचाही विचार करावा लागतो. जुन्या पॉझिटिव्ह अहवालाकडे बोट दाखवून हे कोविडचेच आहे असे समजून बसू नये.

कार्यालय, शस्त्रक्रिया आणि प्रवासासाठीचे पत्र

एखादे कार्यालय, वसतिगृह किंवा रुग्णालय निगेटिव्ह अहवालच मागत असेल, तर चाचण्या करत राहण्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून बरे झाल्याचे पत्र घ्यावे. २०२१ पासून जून २०२२ पर्यंत अमेरिकेला जाणाऱ्या विमानप्रवाशांकडून चाचणी मागितली जात होती, तेव्हाही मागील नव्वद दिवसांतला पॉझिटिव्ह अहवाल आणि डॉक्टरांचे असे पत्र निगेटिव्ह अहवालाऐवजी चालत असे. त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही. पत्रात लक्षणे सुरू झाल्याची तारीख, पहिल्या पॉझिटिव्ह नमुन्याची तारीख आणि चाचणीचा प्रकार, ताप शेवटचा केव्हा होता, रुग्ण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या गटात येत नाही हे विधान, विलगीकरण संपल्याची तारीख आणि पुढील नव्वद दिवस आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते ही नोंद असावी. खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा.

नियोजित शस्त्रक्रियेच्या वेळी हे पत्र भूलतज्ज्ञांना आधीच दाखवावे. संसर्गानंतर शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे थांबण्याचा सल्ला ते देतात, तो फुप्फुसे आणि हृदय पूर्ववत व्हावे यासाठी असतो, अहवाल निगेटिव्ह होण्यासाठी नव्हे. ती तारीख त्यांच्याकडूनच घ्यावी. तातडीची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण चाचणीअभावी लांबवू नये, असे आयसीएमआरने जानेवारी २०२२ मध्ये लेखी कळवले होते. प्रवेशाच्या खिडकीवर कोणी अडवले तर शांतपणे याच सूचनेचा उल्लेख करावा आणि ड्यूटीवरील डॉक्टरांना भेटण्याचा आग्रह धरावा.